विश्वासरावांनी राखून ठेवलेला शब्द

चामराजपेटेतल्या विश्वासरावांनी चाळीस वर्षं लोकांचे इंग्रजी अर्ज टाईप केले. टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला, पण त्यांची रीत बदलली नाही. नळाला पाणी येत नाही? ‘रिक्वेस्ट’. पेन्शन अडलीय? ‘प्रे’. आणि ‘बिसीच’ म्हणजे थेट पदर पसरणं, नाक घासणं. तो शब्द ते फार जपून वापरत. का, ते फक्त त्यांच्या बायकोला, अंबुबाईंना माहीत होतं. काम हातचं गेलंय, आता साहेबाच्या पाया पडूनही उपयोग नाही, अशी खात्री पटली की मगच ते तो शब्द घालत. गिऱ्हाइकाला यातलं काही सांगत नसत. ते बिचारं एवढा भारदस्त शब्द बघून खूश होऊन जायचं. खरं सांगायचं तर हा भित्रेपणाच होता. कुणाच्या तोंडावर ‘नाही’ म्हणणं त्यांना कधी जमलं नाही.

गेल्या महिन्यात रस्ता रुंद करायचा म्हणून गल्लीतल्या भिंतींवर लाल आकडे पडू लागले. पहिला आकडा शिंपी देवाप्पाच्या दुकानावर. तो धावत आला. त्याच्या अर्जात ‘बिसीच’ पडलं. देवाप्पाने कागद कपाळाला लावला. नवव्या दिवशी जेसीबीने त्याच्या दुकानाचा ढिगारा केला.

आणि काल सकाळी विश्वासरावांच्या दोन खोल्यांच्या घरावर आकडा आला. सतरा.

“घाबरू नकोस अंबू,” ते बायकोला म्हणाले. “साधी रिक्वेस्ट केली तरी पुरे. साहेब अर्ज बघतच राहील.”

“सरी,” असा कानडी होकार देत अंबुबाईंनी तांदूळ पाखडायचं सूप पुढ्यात ओढलं.

विश्वासरावांनी ‘रिक्वेस्ट’ टाईप केलं, खोडलं. ‘प्रे’ केलं, तेही खोडलं. बाहेर यंत्राची घरघर चालली होती, आदल्या दिवसापेक्षा दोन घरं अलीकडे. पाऊण तासाने प्रिंटरमधून कागद बाहेर आला.

“अहो, वाचा की स्वल्प,” अंबुबाई म्हणाल्या. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. तो एक शब्द तेवढा कळायचा.

नाव, पत्ता, घर नंबर त्यांनी मोठ्याने वाचला. मग आवाज उतरला. तो शब्द गाळून पुढे जावं असं त्यांना फार वाटलं. पण लिहिलेलं गाळून वाचायची जिभेला सवयच नव्हती.

“वी... बिसीच...”

अंबुबाईंनी वर पाहिलं नाही. सूप बाजूला ठेवलं, पदर खोचला, स्टूल ओढलं आणि रस्त्याकडच्या भिंतीवरच्या देवांच्या तसबिरी एकेक करून खाली उतरवायला लागल्या. स्टूल डुगडुगत होतं. विश्वासरावांनी अर्ज बाजूला ठेवला आणि ते धरलं.