तळं, अनुदान आणि माझं समाधान

लहानपणी आई मला चोंबडी म्हणायची. शेजारी पाहुणे आले की ते कोण, कुठले, किती दिवस राहणार, हे शेजाऱ्यांच्याही आधी मला ठाऊक असायचं. बँकेत लागल्यावर याच गुणाला लोक चौकसपणा म्हणू लागले आणि त्यावर मला बढत्यासुद्धा मिळाल्या. लखनौला आले ती नवऱ्याच्या रेल्वेच्या नोकरीमुळे. तो चारबागच्या कचेरीत, मी बँकेच्या ग्रामीण कर्जांच्या कामात. आता दोघंही निवृत्त होऊन लखनौच्याच महानगर नावाच्या मोहल्ल्यात राहतो. मुलगा मराठीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हिंदीत देतो, तेही अर्धं, आणि मला नाक खुपसायला घरात जागा उरलेली नाही. म्हणून अनुदान देणाऱ्या एका समितीवर बाहेरची सदस्य म्हणून बोलावणं आलं, तेव्हा मी जराही आढेवेढे घेतले नाहीत.

योजना सरकारी होती. आदिवासी गावांनी आपलं काम आपण ठरवायचं, आपणच करायचं, सरकार त्याला अनुदान देणार. गावकऱ्यांनी लखनौला येऊन समितीपुढे आपलं काम समजावून सांगायचं, समितीनं होय किंवा नाही म्हणायचं. समितीत आम्ही तिघं. अध्यक्ष म्हणजे अस्सल लखनवी वळणाचे अधिकारी, टाचणी मागायची तरी ‘ज़रा ज़हमत दूँगा’ म्हणणारे. दुसरी लॅपटॉपवाली तरुण सल्लागार. तिसरी मी. साहेब बोलायचे, सल्लागार टाइप करायची आणि मी नंदीबैलासारखी मान हलवायचे. नंदीबैलाला निदान गुबुगुबु तरी ऐकायला मिळतं.

त्या दिवशी तराईतल्या एका थारू गावाची पाळी होती. नेपाळच्या सीमेजवळचं गाव. मंडळी रात्रभर बसनं प्रवास करून आली होती, पण बायकांच्या साड्या अशा चापूनचोपून नेसलेल्या होत्या की मलाच माझ्या चुरगळलेल्या ओढणीची लाज वाटली. सगळ्यांत पुढे एक पन्नाशीची बाई बसली, तिला सगळे चाची म्हणत होते. शेजारी तिची सून, अगदी कोवळी, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. मागे आणखी काही बायका, दोन पुरुष आणि गावचे म्हातारे मुखिया. मुखियाला ते भलमनसा म्हणतात. मला तो शब्द ‘भला माणूस’ असाच ऐकू आला आणि एकदम आवडून गेला.

काम काय, तर तळं. गावचं तळं जलपर्णीनं बुजलं होतं, ते साफ करून खोल करायचं होतं. चाचीनं सगळं नीट सांगितलं. पूर्वी गावातल्या बायका जाळी आणि टोपल्या घेऊन एकदमच पाण्यात उतरायच्या, मासे धरायच्या आणि घरटी वाटून घ्यायच्या. नदी आता राखीव जंगलात गेली, तिथे जाळं टाकायला मनाई. राहिलं तळं, तेही गेलं. “पानी में साथ उतरे बिना बहू की किसी से जान-पहचान नहीं होती, साहब,” चाची म्हणाली. “हमारी बहू को आए दो बरस हो गए, अभी तक मेहमान है।” सून मान खाली घालून बसली होती.

साहेबांनी विचारलं, “बहुत अच्छा। इससे आय कितनी होगी?”

“आय नहीं होगी साहब, मछली होगी।”

मी रत्नागिरीकडची. मासळीचा विषय निघाल्यावर माझे कान आधीच टवकारलेले, त्यात हे उत्तर. मी हसू दाबायला रुमाल काढला. साहेबांनी मात्र शांतपणे समजावलं, की योजनेत उत्पन्न दाखवावं लागतं. तळं कुणाच्या देखरेखीखाली राहील, असंही विचारलं. त्यावर चाची म्हणाली, “पूछ के आते हैं,” आणि सगळीच्या सगळी मंडळी उठून बाहेर गेली. आम्ही तिघं रिकाम्या खुर्च्यांकडे बघत राहिलो. बऱ्याच वेळानं सगळे परत आले, बसले, आणि चाचीनं उत्तर दिलं, “सबके।”

पुढच्या प्रश्नालाही तेच. उठले, गेले, आले. साहेबांचा लखनवी धीर सुटायला लागला. “आप में मुखिया कौन हैं?” सगळ्यांनी भलमनसाकडे बोट केलं. “हम हैं,” म्हातारा म्हणाला. “तो आप ही बताइए।” म्हातारा अगदी मनापासून म्हणाला, “हाँ, पूछ के बताते हैं।”

शेवटी साहेबांनीच वाट काढली, चांगल्या मनानं काढली. लिहून टाका, म्हणाले, की मासे बाजारात विकू. एक ओळ लिहायची, कोण बघायला येतंय? एवढी ओळ नसेल तर मात्र हे प्रकरण पुढे सरकणार नाही, आज नाही झालं तर पैसे दुसऱ्या गावाला जातील. चाचीनं सुनेकडे पाहिलं. मंडळी पुन्हा बाहेर.

आता मात्र मला राहवेना. ही माणसं बाहेर जाऊन करतात तरी काय? हात धुऊन येते असं पुटपुटत मी निघाले. आवारात, उभ्या स्कूटरींच्या पलीकडे, कडुनिंबाखाली सगळे गोल करून बसले होते. मध्ये एक मोबाइल, स्पीकरवर. पलीकडे गावातही लोक जमलेले असणार, कारण त्यातून कोंबड्याचा आवाज येत होता आणि मधूनच कुणीतरी खोकत होतं. मी एका जीपच्या आडोशाला उभी राहिले. वय झालं तरी खोड जात नाही.

बोलणं पाळीपाळीनं चाललं होतं. एकजण म्हणाला लिहून टाकू. दुसरी म्हणाली नको. मग सुनेची पाळी आली आणि पदराआडची ती पोरगी जे बोलली त्यानं मी चकितच झाले. “लिख दो,” ती म्हणाली. “झूठ है तो झूठ सही। मुझे तालाब चाहिए।” दोन वर्षं झाली, शेजारच्या सुना मला फक्त दारातून दिसतात, ती सांगत होती. त्या त्यांच्या घरात फोन बघतात, मी माझ्या. सणाला हसतो, पुन्हा आत. माहेरी आमचं तळं आहे, तिथे मी सगळ्यांत खोल पाण्यात जायचे. बोलताना तिचा आवाज चिरकला, पण ती थांबली नाही.

चाचीनं तिला अडवलं नाही. पूर्ण बोलू दिलं आणि मग म्हणाली, आज लिहिलं की विकू, तर उद्या ठेकेदार तोच कागद घेऊन दारात येईल. तळं त्याचं होईल, आपण काठावर बसू. फोनमधूनही कुणी हुंकार भरला. मला दोघींचंही पटत होतं आणि त्यामुळे माझीच पंचाईत झाली होती.

तेवढ्यात भलमनसाची नजर माझ्यावर पडली. “दीदी, वहाँ धूप है। यहाँ आ के बैठिए।” चोरी पकडली गेली होती. मी मुकाट्यानं गोलात जाऊन बसले. त्यांनी सरकून जागा केली, आणि पाळी फिरत फिरत थेट माझ्यापाशी येऊन थांबली. मी म्हटलं, अहो, मी समितीतली, माझं काय? म्हातारा म्हणाला, “बैठी हैं तो बोलिए।”

माझी बोबडीच वळली. एवढी वर्षं समितीत बसून मला कुणी हे विचारलं नव्हतं. इथे शेवटच्या माणसापर्यंत सगळे ऐकून घेतात, हे बघून किती बरं वाटलं, एवढंच मला सांगायचं होतं. घाईत डोक्यातलं मराठी तसंच हिंदीत उतरलं: “आप लोग सबकी बात सुनते हैं... बस, इसी में समाधान है।”

एकदम सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. चाची फोनवर ओरडली, “सुनो, मैडम कह रही हैं समाधान है!” पलीकडून घाईघाईनं आवाज आला, “क्या समाधान है?” आणि सून. तिनं पदर मागे सारला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू तळं माझ्या पर्समध्येच आहे.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हिंदीत समाधान म्हणजे तोडगा, अडचणीवरचा उपाय. आमच्या मराठीत समाधान म्हणजे मन भरणं, तृप्ती. इतकी वर्षं इथे काढली, हा फरक मला काय ठाऊक नव्हता? चांगला ठाऊक होता. पण जीभ ऐन वेळी माहेरी पळाली. मी कानकोंडी होऊन खुलासा केला, की आमच्याकडे समाधान म्हणजे तसल्ली, मला तुम्हाला बघून तसल्ली वाटली.

“तसल्ली?” चाची म्हणाली. “अभी से?”

सगळे खो खो हसले. फोनमधलं गावही हसलं. मीही हसले, पण सून हसली नाही. उजळलेला तिचा चेहरा माझ्या देखत विझला, आणि मला माझी इतकी चीड आली की सांगता सोय नाही. गावच्या माणसांनी आशेला लावलं नव्हतं तिला, मी लावलं होतं.

मग ते तिच्यासाठी थांबले. विकायचं लिहू नये असं बाकी सगळ्यांचं होत आलं होतं, तिचं होत नव्हतं. कुणी समजूत घातली नाही, कुणी घड्याळ पाहिलं नाही. एक बाई गवताची काडी मोडत बसली. आत साहेब खोळंबले असणार, याची फिकीर फक्त मला. कितीतरी वेळानं ती पोरगी खाली बघत म्हणाली, “ठीक है। मत लिखो।” तेव्हाच सगळे उठले.

आत चाचीनं सांगितलं, “साहब, झूठ नहीं लिखेंगे। मछली खाएँगे, बेचेंगे नहीं।” साहेबांनी सुस्कारा सोडला आणि फायलीची दोरी बांधत म्हणाले, “तो फिर ऊपर पूछना पड़ेगा।”

सरकारी कचेऱ्यांत ज्यांनी आयुष्य काढलं त्यांना या वाक्याचा अर्थ कळतो. त्याचा अर्थ, या आता. पण चाचीचा चेहरा खुलला. वर विचारणार, म्हणजे हेही आपल्यासारखेच विचारून करणारे! “हाँ हाँ, पूछ लीजिए। हम बैठे हैं।” आणि सगळे खरंच बसून राहिले, अगदी प्रेमानं, साहेबांच्या फोनकडे बघत. साहेबांची तहज़ीब अशी की समोर बसलेल्या पाहुण्यांना उठा म्हणणं त्यांना मरेपर्यंत जमणार नाही. काही वेळ त्यांनी कागद चाळले, पाणी प्यायलं. मग दुसरा इलाज न उरल्यानं फोन लावला.

वरच्यांना त्यांनी सगळी हकिकत सांगितली आणि ऐकत राहिले. मग फोनवर हात ठेवून आमच्याकडे वळले. चेहऱ्यावर नवलच होतं. “पूछ रहे हैं, कमेटी की क्या राय है?”

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. समितीला मत असतं, हे समितीला नव्यानंच कळत होतं. एरवी मी मान हलवली असती. पण समोर ती मुलगी बसली होती, आणि तिच्या तोंडचा घास मीच दाखवून काढून घेतला होता. मी मोठ्यानं, गरजेपेक्षा जास्तच मोठ्यानं म्हटलं, पैसे द्यावेत. उत्पन्न नको. गावानं ठरवायचं अशी योजना आहे ना, मग गावानं ठरवलंय. सल्लागार मुलीनं टाइप करणं थांबवलं. “मेरी भी यही राय है, सर,” ती म्हणाली आणि लाजली. फोनवरचा हात काढून साहेब म्हणाले, “कमेटी कहती है, दे दिया जाए। जी, तीनों।”

वरून होकार आला. साहेबांनी तो मंडळींना सांगितला, विकण्याबद्दल काही लिहिलं जाणार नाही हेही सांगितलं. आता हे पुन्हा बाहेर जाणार, असं मला वाटलं. पण कुणी हललं नाही. सूनच उठून उभी राहिली. सासूला विचारलं नाही, भलमनसाकडे पाहिलं नाही.

“कब?”

साहेबांच्या ओठांवर ‘शीघ्र’ आला असणार. सरकारी कागदांत तो शब्द मी जन्मभर वाचला. त्यांनी तो गिळला आणि विचारलं, “बिटिया, तुम्हारे यहाँ पानी कब उतरता है?”

“कातिक में।”

“तो कातिक में।”

सल्लागार मुलीनं कार्तिक टाइप केला. मी रुमाल डोळ्यांना लावला, या वेळी हसू दाबायला नव्हे. चाचीच्या मांडीवर मोबाइल तसाच चालू होता. सुनेनं तो उचलला, स्पीकर बंद केला आणि शेजारच्या भाभीला बोलवा म्हणाली. भाभी येईपर्यंत ती खिडकीपाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभी राहिली.

“भाभी? हाँ, हो गया। सुनिए, आपको जाल बुनना आता है? मेरा वाला मायके में छूट गया।”