गॅरेजातली शेगडी

लॉस एंजेलिसच्या पूर्वेकडच्या त्या गल्लीत मागच्या आवारात परवानगी घेऊन बांधणारा माणूस एकच निघाला, तो म्हणजे हिलारियो बेनाविडेस. तीस वर्षं शाळेची बस चालवलेला माणूस, लाल दिव्याला मध्यरात्रीही थांबणारा. त्याची आई, डोन्या एउलालिया, त्याच्या बहिणीकडे तिसऱ्या मजल्यावर राहायची. लिफ्ट नाही, गुडघे गेलेले. ईस्टरपासून म्हातारीने जमिनीला पाय लावला नव्हता. गॅरेजचं छोटं घर करायचं आणि तिला खाली आणायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

अर्जासोबत फोटो हवे होते. याने गॅरेज झाडून-पुसून काढलं आणि फोटो दिले. त्यात शेगडी आली. नाताळात सगळं खानदान जमून जिच्यावर मोठाल्या पातेल्यांत मक्याच्या पिठाचे तमाले उकडायचं, ती शेगडी. गल्लीत प्रत्येकाच्या गॅरेजात अशी एक असते, फक्त तिचा फोटो कुणी सरकारला पाठवत नाही.

परवाना कचेरीत खिडकीमागची बाई म्हणाली, "मिस्टर बेनाविडेस, शेगडी आहे म्हणजे इथे कुणीतरी राहतं. बेकायदा."

"बाई, तिथे फक्त तमाले राहतात. तेही डिसेंबरात."

बाई हसली नाही. नोटीस निघाली: शेगडी काढा, गॅसची नळी बंद करा, तपासणी करून घ्या, मगच अर्ज पुढे सरकेल. तपासनीस यायला तीन महिने लागले, आणि आला तो दोन मिनिटांत गेला.

शेजारचा रोहेलियो कुंपणावर कोपर टेकून म्हणाला, "तुला विचारायला कुणी सांगितलं होतं रे? माझ्या मागच्या खोलीत दोन बिऱ्हाडं आहेत. सरकारला पत्ताच नाही!"

"तू गप्प बस."

"मी गप्पच असतो. म्हणून तर माझी खोली उभी आहे!"

पुढे घराचा नकाशा शेरा मारून परत आला: स्वयंपाकाची सोय दाखवलेली नाही, शेगडीशिवाय याला स्वतंत्र घर म्हणता येत नाही. हिलारियोने तो कागद तीनदा वाचला. मग आयुष्यात पहिल्यांदा त्याने त्या खिडकीवर आवाज चढवला, "काढायला लावली तुम्हीच ना? मग आता ठेवू कुठे, डोक्यावर?" बाईने शांतपणे नवा फॉर्म सरकवला. संताप येतो तो अशा शांतपणाचा.

सात महिने गेले. बहिणीचा फोन आला, "आई जेवत नाही. भिंतीकडे तोंड करून पडते. काहीतरी कर."

रविवारी तो दोन भाच्यांना घेऊन गेला. स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवून तिघांनी आईला जिन्याने खाली आणलं आणि थेट त्याच्या पलंगावर, बायकोच्या शेजारी ठेवलं. घरात दुसरा पलंग मावत नव्हता. म्हणून याने आपली खाट गॅरेजात टाकली.

सकाळी आई उन्हात बसली, दोन अंडी खाल्ली. मग विचारलं, "पोरा, तू झोपलास कुठे?"

"गॅरेजात."

"परवानगी घेतलीस?"

"नाही, आई."

म्हातारी खुदकन हसली. हिलारियोला मात्र हसू आलं नाही. सात महिने सांगत होता की तिथे कुणी राहत नाही, आणि आता तो स्वतःच राहत होता.