भाऊजी रागावले तेव्हा

माझे भाऊजी जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस आहेत. डॉक्टर सुई टोचतात तोवर कुत्र्यामांजरांना धरून ठेवायचं, हे त्यांचं काम. दोन्ही हातांवर दातानखांचे वण आहेत, पण एकाही जनावरावर राग नाही. घाबरलेलं कुत्रं चावणारच, म्हणतात.

पुढे पुढे हाच न्याय त्यांनी माणसांनाही लावला. शेजारी भांडला, तर त्याची झोप झाली नसेल. घरमालक खेकसला, तर त्याचा बापही तसाच होता. ज्याची त्याची घडण, त्याला तो बिचारा काय करणार. ताई म्हणायची, "चोर शिरला तर हे त्याला आधी पाणी विचारतील." लोकांना भाऊजी देवमाणूस वाटायचे. मला ते जरा सोयीचं वाटायचं. कुणाचाच दोष नाही म्हटलं की कुणाशी भांडावंही लागत नाही.

मग एका दुपारी त्यांचा धाकटा भाऊ आला. आई अंथरुणाला खिळली तेव्हा निरोपावर निरोप गेले, तरी तो फिरकला नव्हता. ती गेली तेव्हाही नाही. इतक्या वर्षांनी खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाला, "दादा, माझं चुकलं. माफ कर."

"माफ काय करायचं त्यात?" भाऊजी शांतपणे म्हणाले. "तू लहानपणापासून आजारपणाला भितोस. तुझ्याच्यानं येणं झालंच नसतं. तुझा दोष नाही."

सुटलो म्हणून तो खूश होईल असं मला वाटलं. त्याचा तर चेहराच उतरला.

"दोष कसा नाही? स्टँडपर्यंत आलो होतो मी. गाडी समोर उभी होती. चढता आलं असतं, पण परत फिरलो. मला दवाखान्यातल्या कुत्र्यासारखं गोंजारू नकोस." तो उठून दाराशी बूट घालू लागला.

ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अहो, आता गेला तर पुन्हा यायचा नाही तो. एकदा तरी रागवा त्याच्यावर."

मग भाऊजी बोलले, तो आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"आई दार लावू देत नव्हती. तू येशील म्हणून. तिला उचलायला मी एकटा, तिच्याशी खोटं बोलायलाही मी एकटाच. तू यायला हवं होतंस."

"हो," धाकटा म्हणाला. "यायला हवं होतं."

एकच बूट पायात, तसाच तो परत येऊन खुर्चीत बसला. भाऊजी बोलतच राहिले, इतक्या वर्षांचं सगळं. तो रडत होता, पण उठला नाही.