नकाशांनंतरचं

कल्पना करा, तुमच्यासमोर जुन्या कागदांचा गठ्ठा पडलाय. मुखपृष्ठ नाही, नाव नाही, लिहिणारा केव्हाच गेलेला. संध्याकाळपर्यंत तो कपाटात लागायला हवा. चिठ्ठीवर काय लिहाल?

कॉलेजच्या ग्रंथालयातल्या चिठ्ठीमावशी एकतीस वर्षं एकच युक्ती करत आल्या. शेजारी काय आहे ते बघायचं आणि तेच लिहायचं. नकाशांमागे ठेवलेल्या एका बेवारशी गठ्ठ्यावर त्यांनी असंच लिहिलं होतं, ‘नकाशांनंतरचं’.

परवा तत्त्वज्ञानाच्या सरांनी प्रदर्शनासाठी फलक आणला. ‘मेटाफिजिक्स : भौतिकापलीकडचं ज्ञान. थोरवी नावातच आहे.’

मावशींचा पारा चढला. फाटक्या कोशाची पानं चिकटवताना त्यांनी या शब्दाची हकीकत वाचली होती. एका ग्रीक पंडिताची बिननावाची पानं मागाहून कुणीतरी लावली, निसर्गावरच्या म्हणजे ‘फिजिक्स’च्या ग्रंथांनंतर. म्हणून ती ‘मेटाफिजिक्स’, म्हणजे नुसती ‘फिजिक्सनंतरची’. बहुतेक जाणकार असंच मानतात, असं कोशात होतं.

“सर, एक ओळ घाला की. हे नाव पुस्तकं लावणाऱ्यानं दिलंय.”

“मावशी, पुस्तकांचं तुम्ही बघा. अर्थाचं आम्ही बघतो.”

“बघा ना! पण त्या लावणाऱ्याला का गाळताय?”

सर हसले. त्यांनी आपला नवाकोरा छापील लेख पुढे केला. “हे वाचा. तुमच्याच ग्रंथालयावर आहे.”

मथळा होता, ‘नकाशोत्तर संग्रह : सीमांपलीकडच्या जाणिवेचा शोध’.

“हा कुठला संग्रह?”

“तिसऱ्या कपाटातला. नाव ठेवणाऱ्याची दृष्टी बघा!”

मावशी तरातरा गेल्या आणि गठ्ठा आणून त्यांनी टेबलावर आदळला. वर त्यांच्याच अक्षरातली चिठ्ठी. “ही घ्या दृष्टी! नकाशांमागं जागा रिकामी होती. आत वाळवीच्या औषधाची जाहिरातही आहे, ती वाचलीत का?”

सरांचा चेहरा पडला. “आता छापून झालंय,” ते पुटपुटले आणि लेख उचलून चालते झाले.

फलक होता तसाच लागला. मावशींनी त्याखाली चिठ्ठी डकवली : ‘हे नाव कपाट लावणाऱ्यानं दिलं.’ सकाळी ती गायब. त्यांनी दुसरी लावली, तीही गेली. आज सहावी.

डिंकाची बोटं पदराला पुसत त्या ग्रंथपालबाईंना म्हणाल्या, “अहो, इतकी वर्षं सगळे त्या नावाचा अर्थ सांगताहेत. पण ते चिठ्ठीवर लिहिणाऱ्याला, तो जिवंत असताना, एकानं तरी विचारलं असेल का, बाबा रे, तुला काय म्हणायचं होतं?”