पहिल्या लेनमध्ये ताई

वनिताताई आज पहाटे गेल्या.
आमच्या शेवटच्या भेटीत मी त्यांच्याशी खोटं बोलले.

रडू येत नाहीये. बोनकोड्याहून, ताईंच्या घरून परत आले, आंघोळ केली, कुकर लावला. शिट्ट्या किती झाल्या ते कळलं नाही. म्हणून लिहितेय.

नव्वदच्या दशकात, बेलापूरच्या एका छोट्या लॅबमध्ये ताई माझ्या सीनियर होत्या. मी कोल्हापूरहून नवीन आलेली, बीएस्सी, जरा तोंडाळच.

काम असं. फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या गाठीतून डीएनए काढायचा, जेलच्या पातळ वडीतून विजेने पळवायचा, मेम्ब्रेनच्या कागदावर उतरवायचा, मग जो जीन तपासायचा त्यालाच चिकटणारा रेडिओॲक्टिव्ह प्रोब लावायचा. मग त्यावर एक्स-रे फिल्म ठेवून आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये.

फिल्मवर काळी पट्टी उमटायची. गाठीत त्या जीनच्या कॉपी जितक्या जास्त, तितकी पट्टी काळी.

जेलमध्ये प्रत्येक सॅम्पलची वेगळी लेन, म्हणजे उभी रांग. तुलनेसाठी पहिल्या लेनमध्ये नॉर्मल माणसाचा डीएनए लागायचा. तो ताईंच्या रक्तातला.

"बाहेरून कशाला आनायचा? मी धडधाकट हाय ना," म्हणून त्यांनीच हात पुढे केला होता.

त्यामुळे प्रत्येक फिल्मवरची पहिली, बारीक, फिकट पट्टी ताईंची.

त्यांचा नियम एकच. ज्याने जेल भरलं त्याने फिल्म वाचायची नाही. आपल्याला जे हवं असतं तेच आपल्याला दिसतं.

एकदा मी दुसऱ्याच कुणाची फिल्म आहे असं भासवून माझीच वाचली. लॅबचे सर खूश व्हावेत म्हणून "काळी आहे" असं ठोकून दिलं.

ताईंनी मेम्ब्रेन धुऊन, ज्याच्या कॉपी कधी वाढत नाहीत अशा दुसऱ्या जीनचा प्रोब लावायला लावला. त्याचीही पट्टी तेवढीच काळी. म्हणजे कॉपी वगैरे काही वाढल्या नव्हत्या. मीच त्या लेनमध्ये डीएनए जास्त ओतला होता.

"गो, जे दिसतं ते बोल. गाठ ज्याची तो मानूस आपल्या वलखीचा नसला म्हनून काय झालं?"

मी आठवडाभर फुगून बसले. त्या रोज डब्यातली सुकटीची चटणी माझ्या टेबलावर ठेवत राहिल्या. शेवटी खाल्ली.

गेल्या महिन्यात ताईंनी घरी बोलावलं. पलंगावर बसल्या होत्या, नाकाला ऑक्सिजनची नळी. फुफ्फुसाचा कॅन्सर. आयुष्यात मिश्रीसुद्धा न लावलेली बाई.

हातात रिपोर्टचं बंद पाकीट.

"सॅम्पल माझं हाय. म्हंजे वाचायचं तू."

मी वाचलं. आता पट्ट्या नसतात. मायक्रोस्कोपखाली पेशीतले रंगीत ठिपके मोजतात, एक ठिपका म्हणजे जीनची एक कॉपी.

ठिपके खूप होते. म्हणजे चालू असलेलं औषध आता लागू पडणार नव्हतं.

"पट्टी किती काली हाय?" त्यांनी जुन्याच भाषेत विचारलं.

"फिकट आहे, ताई."



"नॉर्मलच्या बाजूला ठेवून बघितलीस ना?"

मी "हो" म्हटलं. आमची नॉर्मल तर समोरच बसली होती, एकेक श्वास ओढून घेत.

त्यांनी पाकीट माझ्या हातातून काढून उशीखाली सरकवलं.

"बस. चाय पिऊन जा."

त्यांना कळलं होतं. मला दुसरा प्रोब लावायला लावला नाही, एवढंच.

ताई, पट्टी काळी होती. खूप काळी.

दिसलं ते आज बोलले. निघा तुम्ही, या आता.