मूठभर पीठ

"संशय घ्यायचा तर नीट घ्या," असं ते म्हणायचे आणि ताजं पीठ चिमटीत चोळून आपल्याच नाकाशी न्यायचे.

परदेशात, जुरोंग ईस्टला, ते आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. नागपूरकडचे इंजिनिअर, भेटले की "जय भीम" म्हणणारे. त्याआधी काही वर्षं हॉलंडमधल्या एका जुन्या शहरात नोकरी केलेली. तिथल्या पवनचक्कीत दर शनिवारी जाऊन दळायला शिकले, रीतसर परीक्षाही दिली म्हणे. मला ती थापच वाटायची.

रविवारी ते आम्हा चार-पाच मराठी घरांचं दळण आपल्या घरघंटीवर दळून द्यायचे. फुकट! आजच्या दिवसात फुकट कोण दळतं, तुम्हीच सांगा.

दळताना त्या चक्कीची गोष्ट चालायची. वारा मिळावा म्हणून ती शहराच्या तटबंदीवर बांधलेली. पुढे भोवतीची घरं उंच झाली, तशी तिलाही मजले चढवावे लागले. पिठावर कर होता, म्हणून शहराचा माणूस दाराशी बसून पोतं न्‌ पोतं तपासायचा. "गिरणीवाला चोरच, हे आधीच ठरलेलं," ते हसून म्हणायचे. वाफेच्या गिरण्या आल्या आणि ती बंद पडली. मग त्याच शहरातल्या लोकांनी खपून ती पुन्हा उभी केली.

एकदा ते फोनवर होते, म्हणून पिशवी शोधायला मीच त्यांचं कपाट उघडलं. आत छोट्या बरण्या, प्रत्येकीवर एकेका घराचं नाव. आमच्या बरणीत आमच्याच ज्वारीचं पीठ.

म्हटलं, सापडला! त्यांना काही विचारलं नाही. घरी येऊन ग्रुपवर लिहिलं, "दळण मोजून घेत जा." पुढच्या रविवारी कुणीच गेलं नाही.

ग्रुपवरचं त्यांना कुणीतरी दाखवलं असावं; संध्याकाळी ते बरण्या घेऊन खाली आले.

"ताई, चक्कीतल्या म्हाताऱ्यानं शिकवलेलं. दर दळणातलं मूठभर ठेवायचं. उद्या कुणी भेसळ म्हणालं, तर दाखवायला."

"मला सांगायचं तरी," मी पुटपुटले.

"तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं."

मी ग्रुपवर माफी मागितली. सगळे म्हणाले, जाऊ दे. त्यांनी मात्र पुन्हा कुणाचं दळण घेतलं नाही आणि वर्षभरात नोकरी बदलून देश सोडला.

आमच्यातल्या, पुण्याकडच्या एखाद्या काकांच्या कपाटात त्या बरण्या दिसल्या असत्या, तर मी हसून विचारलं असतं. हे मला फार उशिरा कळलं. त्यांना त्या संध्याकाळी दारात उभं असतानाच कळलेलं होतं.