लुंबिनी मॅडमनी खुर्चीवर बसवलेल्या नागुबाई

लुंबिनी मॅडम मुदखेडच्या. वडील रेल्वेत गँगमन. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा त्या नांदेडला एम.कॉम. करत होत्या. कॉलेजच्या तुकडीबरोबर त्या भूकंपग्रस्त गावांत गेल्या आणि कपडे, भांडी वाटत दोन महिने तिथंच राहिल्या. दहा वर्षांनी त्या लातूरला आम्हा एम.बी.ए.च्या मुलांना शिकवायला आल्या.

तोवर लातुरात गल्लोगल्ली क्लासेस निघाले होते. आमचा निम्मा वर्ग त्यांतूनच आलेला. मीही. प्रश्न वाचला की उत्तराचं पान डोळ्यांसमोर यायचं.

पहिल्याच तासाला मॅडमनी फळ्यावर लिहिलं : पत्र्याची खोली, एप्रिल महिना, वीज नाही. आत राहायचंय. काय कराल?

“मॅडम, हे कुठल्या धड्यात आहे?” मी विचारलं.

“कुठल्याच नाही, मुग्धा.”

तास संपला तरी माझा कागद कोरा होता. मला चक्क भीती वाटली.

पुढच्या आठवड्यात मॅडम एका वयस्क बाईंना घेऊन आल्या. त्या नागुबाई. भूकंपात घर गेलं, नवरा गेला. पुढची कैक वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये काढली. मॅडमची त्यांच्याशी ओळख तिथलीच. मॅडमनी त्यांना आपल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः वही उघडून आमच्या बाकावर बसल्या.

नागुबाई बोलेनातच.

“मावशी, वाकळीचं सांगा की,” मॅडम म्हणाल्या.

“त्यात काय सांगायचं? सून बाळंतीण. लेकराला लई घामोळ्या. म्हणलं, पत्र्याला आतून जुन्या लुगड्यांची वाकळ लावावी. लावली, तर तीबी तापली. मग सैल टांगली, तर झोळ पडला, धूळ साचली. तिसऱ्या बारीला ताणून बांधली, पत्र्याच्या इतभर खाली. वाऱ्याला दोन्हीकडनं वाट ठेवली. मग लेकरू झोपलं.”

“वीतभरच का?” मागून अंबरीशनं विचारलं.

“चार बोटं ठिवून बगितली, हातभर ठिवून बगितली. इतभर बेस वाटली.”

शेजारणींनी तशाच वाकळी मागितल्या. मग एकदा लातूरला आल्यावर नागुबाईंनी क्लासची पोरं पत्र्याच्या खोल्यांत भाजून निघताना पाहिली आणि थेट खोलीमालकांना गाठलं. “पोरगं निजलं तर अभ्यास करंल, म्हणलं त्यांस्नी.” आता अकरा बायका त्यांच्याबरोबर शिवत होत्या.

अंबरीश उभा राहिला.

“आज्जी, माझ्या खोलीत तसलीच वाकळ आहे. अकरावीपासून तिच्याखाली झोपतोय. कुणीतरी विचार करून ती तिथं बांधली असेल, हे कधी मनातच आलं नाही.”

समोर बसलेल्या, सहीऐवजी अंगठा उठवणाऱ्या त्या बाईंकडे आम्ही बघतच राहिलो.

परीक्षेच्या वेळी प्राचार्य हणमंतराव सर मॅडमवर वैतागले. “उत्तरच ठरलेलं नाही, तर तपासणार कसं?”

“मुलांनी एखादी वस्तू करून बघायची, सर. किती वेळा चुकलो आणि दरवेळी काय बदललं, ते लिहायचं. गुण त्याला.”

सरांनी एका वर्षाची मुभा दिली; पुढं ती पद्धत कायम झाली. नागुबाई सहा वर्षं शिकवायला येत राहिल्या, नजर अधू होईपर्यंत.

मी तुरीच्या टरफलांपासून भांडी घासायची पूड केली. एकदा तिनं पातेल्यावर चरे पाडले, एकदा तिला बुरशी आली, एकदा मोरीच तुंबली. चौथ्यांदा जरा जमली. विकली मात्र कधीच गेली नाही. मॅडमनी माझं या चुकांचं टिपण दोनदा वाचलं, आणि तुंबलेल्या मोरीच्या पानावर लाल शाईनं लिहिलं : शाब्बास.